कड्याखालचे रोडगे

विनायक ढोबळे गेला तेव्हा मी त्याच्या अंगाखाली होतो. दीड महिना झाला. त्याच्यावर चार शब्द लिहून द्या, असा वर्तमानपत्राच्या पुरवणीकडून निरोप आला तेव्हा आधी नाहीच म्हटलं. कारण त्याच्या मरणाची जी गोष्ट गावभर झाली आहे, ती मीच सांगितलेली आहे आणि ती खोटी आहे.

आमची दोस्ती मारामारीनंच सुरू झाली. शाळेत त्यानं माझा दात पाडला, मी त्याचं डोकं फोडलं, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही एका बाकावर बसलो. माणूस शेवटपर्यंत तसाच, हात आधी, बोलणं मागून. नागपुरात आमच्या नंदनवन भागातल्या बागेत एकानं फिरायला आलेल्या बाईच्या गळ्यातली पोत ओढली, तर बासष्टाव्या वर्षी विनायकनं त्याला कुंपणाशी गाठून असा तुडवला, की शेवटी चोराला आम्हालाच सोडवावं लागलं. घरी येताना म्हणाला, "मध्या, हात लय दुखून राहिला गा." आणि हसत सुटला... असा माणूस मरेल, असं कधी डोक्यातच आलं नव्हतं.

त्याच बागेत रोज फिरणारे आम्ही आठ जण पायी सहलीला निघालो. निलगिरीचे डोंगर, उटी-कुन्नूरच्या बागा, मग खाली उतरून कोझिकोड, कोची. मधलं लांबचं अंतर तेवढं गाडीनं, बाकी सगळं चालत. आता नागपूरचा माणूस रानात गेला आणि रोडगे झाले नाहीत, असं कुठं असतं? कणकेचे गोळे गोवऱ्यांवर भाजायचे, सोबत वांग्याची भाजी. मी घरून पोतंभर गोवऱ्या बांधून नेल्या. रेल्वेत लोक नाकं मुरडत होते. चौथ्या दिवशी एका कड्याखाली वारा लागत नव्हता, तिथं मी त्या रचल्या. विनायकनं मान वर केली. कड्याला आग्या मोहोळं लटकली होती, काळी, सुपाएवढी.

"मध्या, इथं नको पेटवू."

"काहून? भिऊन राहिला का तू?"

भित्रा म्हटलं की तो गप्प बसतो, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच म्हटलं.

प्रवासात गोवऱ्या ओलावल्या होत्या. धूर सरळ वर चढला. आधी आवाज आला, मग माश्याच माश्या. तोंडात, कानात, पापण्यांवर. कुणी उतारावरून लोळत गेलं, कुणी झुडपात शिरलं. मी धडपडून पडलो. विनायक पार पुढं पळाला होता, तो परत फिरला.

तो माझ्यावर पांघरुणासारखा आडवा झाला, असं मी सगळ्यांना सांगितलं. तो आडवा झालाच नाही. त्यानं मला उठवायला हात दिला आणि मी त्याला अंगावर ओढून घेतलं. "उठ मध्या, पळू," म्हणत होता. मग म्हणाला, "सोड मले." मी त्याच्या कमरेचा पट्टा दोन्ही हातांनी धरून ठेवला. तो माझ्या तोंडावर बुक्क्या मारत होता आणि मी डोकं त्याच्या छातीत खुपसून... सोडला नाही. काही वेळानं बुक्क्या थांबल्या. माझा जबडा माश्यांनी सुजला, असं डॉक्टर समजले.

हे छापायच्या आधी त्याच्या बायकोला सांगायचं, म्हणून हुडकेश्वरला त्याच्या घरी गेलो. विनायकच्या फोटोखाली बागेत फिरणाऱ्या आमच्या मंडळानं पितळी पट्टी बसवली आहे, 'मित्रासाठी प्राण दिले.' सुमनवहिनींनी सगळं ऐकून घेतलं. उठल्या आणि माझ्या कानाखाली मारली. चष्मा पलंगाखाली गेला. पुन्हा मारली. मी हात वर केला नाही. मग दम लागून त्या खालीच बसल्या.

"भाऊजी, दीड महिना मी त्यायच्यावर रागावून राहिली," त्या म्हणाल्या. "दोस्तासाठी मले टाकून गेले म्हणून. रोज या फोटोसंग भांडली... अन् ते तर घरी वापस याले पाहून राहिले होते."

मग त्यांनी आतून पेचकस आणून माझ्या हातात दिला. मी एकेक स्क्रू फिरवून पट्टी काढेपर्यंत त्या रडत होत्या, दीड महिन्यात पहिल्यांदा.