मी घाईनं बंद केलेली फाइल

अकोल्याच्या ऑफिसनं मला कळवलं, जुन्या भाषेतला प्रोग्राम आता नको. नव्या भाषेत एक नमुना करून द्या, जमला तर पुढचं काम तुमचंच, नाहीतर राम राम. पावसाच्या नोंदींची फाइल वाचायची आणि तालुकावार बेरीज दुसऱ्या फाइलीत लिहायची, एवढंच. ‘एवढंच’ म्हटलं की मला हमखास गोम दिसते. त्यात तिथली मुख्य माझ्याहून बरीच लहान. मला घरी बसवायलाच हिनं ही भाषा हुडकली, अशी माझी खात्री.

भाषाही विचित्र. तेच काम पुन्हा पुन्हा करवणारं लूप नाही, एखाद्या नावाला एकदा दिलेली किंमत बदलता येत नाही. फाइल उघडताना पुढं काय करायचं ते सांगून ठेवायचं, बंद ती आपली आपण करते म्हणे. कोणी ‘आपोआप’ म्हटलं की माझा विश्वासच बसत नाही. राजापेठेतलं आमचं घर बंद केल्यावर मी दोन-तीनदा कुलूप ओढून बघते. नवरा म्हणतो, “चोर काय तोडन, तूच तोडशीन ते कुलूप.” तर मी ‘वाच’ लिहिलं आणि लगेच पुढच्या ओळीत फाइल हातानं बंद केली.

बेरजेची फाइल कोरी निघाली. चूक म्हणून एक अक्षर दाखवलं नाही. मूळ फाइल उघडून पाहिली, ती भरलेली. भातकुली तालुक्याचा पाऊस मग गेला कुठं? माझं डोकं सणकलं. सरळ अकोल्याच्या त्या मुख्य बाईलाच फोन लावला.

“तुमी मुद्दाम असं काम देल्लं ना मले?”

तिनं आधी कोड मागवून पाहिला. “ताई, ही भाषा आळशी आहे. वाच म्हटल्यावर लगेच वाचत नाही. बेरीज मागतली का मंग वाचाले जाते. तवर तुमी फाइल बंद करून टाकली. काहून?”

“उघडी राहिली असती तं?”

“नाही राहत. तेवढं सोडा तिच्यावर.”

मी ती ओळ काढली आणि बेरीज करायची हे फाइल उघडतानाच सांगून ठेवलं. सगळे तालुके आले, भातकुलीसुद्धा.

“लवकर पाठवा,” ती म्हणाली. “इथं सारे म्हणत होते, पुण्याच्या माणसाले द्या. मीच तुमचं नाव लावून धरलं.”

मला फार लाज वाटली. फाइल पाठवली. पोचली का विचारायला पुन्हा फोन हातात घेतला, आणि ठेवून दिला.