सुदेशची तीन वाक्यं

आमच्या धारगळात सुदेशला कुणी नट म्हटलं की तो लाजतो, आणि नाही म्हटलं की रुसतो. त्याच्या नटपणात माझा निम्मा वाटा आहे, आणि हे ऐकवायची एकही संधी मी सोडत नाही. मी रामचंद्र, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. जत्रेला देवळापुढे गावचं नाटक होतं, त्यात तेवीस वर्षं मी विंगेत उभा राहून प्रॉम्प्टिंग करतो आहे. सुदेश तेवढीच वर्षं स्टेजवर. आवाज असा खणखणीत की शेवटच्या रांगेत पेंगणारा म्हातारा दचकून उठावा. पाठांतराच्या नावाने मात्र बोंब. मी विंगेतून अर्धं वाक्य पुढे टाकायचं, त्याने ते उचलून रंगवायचं, अशी आमची वहिवाट. टाळ्या अर्थातच त्याला.

पूर्वी तो डिचोलीला खनिजाचा ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या, ट्रक दोन वर्षं अंगणात उभा राहिला आणि शेवटी विकला गेला. त्याच सुमारास मांद्रेला शूटिंगवाल्यांची ये-जा वाढली होती. गर्दीत उभं राहायला माणसं हवी होती. सुदेश एक दिवस गेला आणि तिथेच रमला. सुरुवातीलाच त्याने शहाणपणा केला तो एकच, तपकिरी बूट विकत घेतले. बूट स्वतःचे असले की हवालदाराच्या कामाला आधी बोलावतात, हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. गेल्या दहा वर्षांत तो निदान सत्तर वेळा हवालदार झाला असेल. सहा-सात वेळा वऱ्हाडी. एकदा किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणारा मासेमारही झाला, आणि हा माणूस गुडघ्याच्या वर पाण्यात जायला घाबरतो.

काम म्हणजे काय, तर सकाळी जाऊन प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचं, जेवायचं, संध्याकाळी कुणीतरी सांगेल तेव्हा इकडून तिकडे चालायचं. मी एकदा वैतागून म्हणालो, "हे कसलं रे काम?"

"मास्तर," तो म्हणाला, "ट्रकार बसलंय तवा ट्रकाचो नंबर इचारीत. हय रोज सकाळी माझा नाव इचारतत आणि लिवन घेतत."

त्याची बायको संजना अंगणवाडीत मदतनीस आहे. तीही त्याच्यासारखीच. एका मालिकेत नायकाच्या मागे सुदेशचं नुसतं कोपर दिसलं, तर तिने शेजारच्या बायकांना बोलावून दाखवलं, "तो कोपर माझ्या घोवाचो." आणि वर सगळ्यांना चहा.

यंदा मात्र त्याला खरं काम मिळालं. फोंड्याची तेजस्विनी नावाची मुलगी आपल्याच बोलीत एक लहानसा सिनेमा करत होती. त्यात मुलीची वाट बघणारा बाप हवा होता. एकच प्रसंग, तीन वाक्यं. निवडीसाठी फोनवर व्हिडिओ करून पाठवायचा होता. तो आम्ही सुदेशच्या घरी केला, आणि नेहमीसारखं मी दाराआडून वाक्यं पुरवली. पंखा घरघरत होता, त्यामुळे माझी कुजबुज त्यात उमटली नाही. ही फसवणूक आहे असं आम्हा दोघांच्याही मनात आलं नाही. नाटक असंच करायचं असतं, एवढंच आम्हाला ठाऊक.

शूटिंगला तो मला घेऊन गेला. मांद्रेतलं जुनं घर, त्याच्या सोप्यावर बाप बसलेला, समोर शेजारी पाठमोरा. मी आत खिडकीशी कागद घेऊन उभा राहिलो. पहिल्याच टेकला कानाला हेडफोन लावलेल्या माणसाने हात वर केला. "आत कुणीतरी पुटपुटतंय."

मला बाहेर काढण्यात आलं. मी खरं ते सांगितलं. सगळे हसले, तेजस्विनी तेवढी हसली नाही. "काका, आवाज चालणार नाही," ती म्हणाली. मी अंगणात जाऊन उभा राहिलो आणि सुदेशची दातखीळ बसली. एकदा, दोनदा, चारदा. पहिल्या वाक्यापुढे गाडी सरकेना. ऊन सोप्याच्या कडेला पोचलं होतं. तेजस्विनी शेवटी हळू आवाजात म्हणाली की अजून एकदा बघू, नाहीतर ही वाक्यं शेजाऱ्याच्या तोंडी घालू आणि बाप नुसता बसून राहील.

सुदेश माझ्याकडे आला. कपाळावर घाम. "मास्तर, माका वाक्यां पाठ आसत. पण तुमचो आवाज कानार पडल्याशिवाय तोंडातसून भायर येणत नाय."

मला राग आला, आणि तो माझाच. तेवीस वर्षं मी या माणसाला माझ्या आवाजाची सवय लावली आणि वर मिरवत राहिलो. आता त्याची तीन वाक्यं माझ्यामुळे जाणार होती. मी आयुष्यात कधी कुणाकडे काम मागितलं नाही. तरी तेजस्विनीपाशी गेलो आणि म्हणालो, "शेजारी पाठमोराच आहे ना? तिथे मला बसवा. तोंडातून आवाज काढणार नाही, नुसते ओठ हलवीन."

शेजाऱ्याचा सदरा मला घट्ट झाला. सुदेशच्या समोर बसलो, कागद मांडीवर. इतक्या वर्षांत त्याला भूमिकेत असताना मी फक्त बाजूने पाहिलं होतं, एक कान आणि अर्धी मिशी. तेजस्विनीने इशारा केला. मी ओठ उघडणार, एवढ्यात त्याने माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि तोच बोलायला लागला.

"ती येतंय म्हणान सांगल्यान. कधी ता सांगूक नाय." मग थांबला. मला वाटलं अडला. तो अडला नव्हता. त्याने पायरीकडे एकदा पाहिलं आणि ओरडून नाही, घरात बोलतो तसं म्हणाला, "म्हणान मी रोज दोघांचा शीत शिजवतंय."

हेडफोनवाल्याने अंगठा वर केला. तेजस्विनीने टाळी वाजवली. सुदेश मात्र खुर्चीतून उठेना. पुढे झुकून त्याने मला हळूच विचारलं, "मास्तर, शब्द बरोबर पडले मां? कागदार बघितलात?"

"अगदी बरोबर," मी म्हणालो. कागद कधीच मांडीवरून घसरून खाली पडला होता. माझं तिकडे लक्षच नव्हतं. मी त्याचं बोलणं ऐकत बसलो होतो.