राखीव खेळाडूची गाडीभर माणसं

लोकांच्या घरात किस्से लग्नकार्यात जमतात, आमच्या घरात शनिवार-रविवारी गाडीत जमतात. कोलशेतहून निघायचं आणि पालघर, बदलापूर, अलिबाग, जिथे कबड्डीची स्पर्धा असेल तिथे जाऊन धडकायचं. नवरा नितीन गाडी चालवतो, शेजारी माझे सासरे, म्हणजे दादा. मागे मी आणि आमची सायली. ती मंडळाच्या किशोरी संघात आहे. आहे म्हणजे राखीव आहे! अख्खा सीझन बाकावर बसली होती बिचारी. तिचा जीव एकाच गोष्टीत अडकलेला: एकदा तरी मॅटवर उतरायला मिळू दे.

*

किशोरी गटात वजनाची मर्यादा असते. सकाळी काटा होईपर्यंत मुली पाणीसुद्धा जपून पितात. मग दादांनी घरचा कायदाच केला, "पोर उपाशी न आपून खावाचा? नाय जमाचा!" काटा होईपर्यंत कोणीच डबा उघडायचा नाही.

पालघरला गाडीत सुक्या जवळ्याचा डबा आणि चार उपाशी माणसं! एकदाचा काटा झाला, सायली पास झाली. दोन भाकऱ्या तिने उभ्या उभ्याच चेपल्या. तेवढ्यात माइकवर आवाज आला, "काटा बिघडला होता, सगळ्या मुलींचं वजन परत होईल."

दादा तरातरा टेबलाशी गेले. "अवो सायेब, ती आता जेवली! दोन भाकरींचा वजन वजा करा!"

साहेब कसले ऐकतायत? मग सायली दोरीच्या उड्या मारत बसली. दुसऱ्यांदाही पास झाली, अगदी काठावर!

*

सायली मॅटवर पहिल्यांदा गेली ती बदलापूरला, टॉवेल घेऊन. कोणाचा तरी घाम सांडलेला, तो पुसायला. आमच्या नितीनने तेवढ्याचा व्हिडिओ काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला, "सायली मैदानात!"

धडाधड अंगठे, फुलं, हात जोडलेले. डोंबिवलीहून माझ्या आईचा लगेच फोन, "अगं, किती चपळ आहे पोर! जिंकली का?"

मी म्हटलं, "हो आई, संघ जिंकला." खोटं कुठे बोलले मी?

*

घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकला लोक शिव्या घालतात. मी नाही घालत! एरवी नितीनची शिफ्ट, सायलीचा क्लास, माझं ऑफिस, एकमेकांची तोंडं दिसत नाहीत. गायमुखला गाडी अडकली की सायली सगळं सांगते. कोणाशी कट्टी, कुठल्या विषयात दांडी गुल, सगळं!

एकदा तिथेच दादा म्हणाले, "आमचे टायमाला दम असा धरीत." आणि काच खाली करून सुरू झाले, "कबड्डी, कबड्डी, कबड्डी..." बाजूची रिक्षा थांबून ऐकतेय. दादा लाल झाले, आवाज चिरकला, शेवटी खोकलाच आला.

रिक्षावाला ओरडला, "काका, दम गेला! आऊट!"

दादा त्याच्याशी पुढच्या सिग्नलपर्यंत भांडले.

*

अलिबागहून येताना मात्र सायली रडली. संघ मोठ्या फरकाने पुढे होता, तरी सरांनी तिला उतरवलं नव्हतं. म्हणाली, "तुम्ही नका ना येऊ आता. मी बसलेली असते, ती बघायला एवढ्या लांब येता? मला लाज वाटते."

मग नितीन आरशात बघत म्हणाला, "हे बघ बाई, तू खेळ नाहीतर नको खेळू. मला शनिवारी सुट्टी असते, मी येणार!"

पुढच्या शनिवारी माझं कुलूप लावून होईपर्यंत दादा आणि नितीन गाडीत बसलेसुद्धा होते.

*

आणि मग कल्याणची सेमीफायनल. शेवटची पाच मिनिटं राहिली असताना आमच्या डाव्या कोपऱ्यातल्या मुलीचा पाय मुरगळला. सरांनी बाकाकडे बघितलं आणि म्हणाले, "सायली, जा!"

मी देवाचं नाव घ्यायला लागले. नितीन व्हिडिओ काढायचाच विसरला. आणि पोरीने काय पकड केली म्हणून सांगू! समोरच्या चांगल्या दांडग्या मुलीचा घोटा धरला तो सोडलाच नाही. दादा खुर्चीवर उभे! दोन्ही संघांचे गुण सारखे झाले.

शेवटची चढाई त्यांची. त्यांची मुलगी आली, सायलीच्या कोपऱ्यात हात टाकला, हाताला काही लागलं नाही असं वाटून तोंड पाडून परत गेली. पंचांनीही काही दिलं नाही. आमच्या मुली नाचायला लागल्या, आता जादा चढाया मिळणार!

आणि सायलीने हात वर केला.

पंचांनी विचारलं, "लागला?"

"हो सर. बोट लागलं, खांद्याला."

गुण त्यांना गेला. एका गुणाने आम्ही हरलो.

आमच्या मागून एक जण ओरडला, "येडी आहे का ही? कोणाची पोरगी आहे रे?"

मी पटकन दादांचा शर्ट धरला. सीझनभर एक पंच सोडला नव्हता त्यांनी भांडायला! पण दादा सावकाश मागे वळले. डोळे भरलेले, मान ताठ.

"माझी," म्हणाले. "नात हाय माझी. आता सरक जरा, ती दमून येते. तिला बसाला जागा दे!"