आठ दिवस हात लावायचा नाही

दिग्विजय मोरे हे नाव ऐकलं की वाटावं, माणूस घोड्यावरूनच येणार. आमचा दिग्विजय बावधनहून पौडच्या बसने यायचा, डबा पोटाशी धरून, आणि पिरंगुटच्या आमच्या कारखान्यात आठ बाय दहाच्या खोलीत दिवसभर कॉम्प्युटर सांभाळत बसायचा. खोलीला खिडकी नव्हती. मी शेजारी स्टोअर सांभाळते. दोन्हींच्या मध्ये फक्त प्लायवूडची भिंत, त्यामुळे तो शिंकला तरी मला कळायचं.

तो मूळचा परभणीकडचा, मी इथलीच. कारखाना आमच्या खाचरावर उभा आहे. जमीन देताना घरातल्या एकाला नोकरी असं ठरलं होतं, तो एक म्हणजे मी. मला कुणी काढत नाही आणि मीही कुठे जात नाही. दिग्विजयला मात्र जायचं होतं.

कारण ऐकाल तर हसाल. त्याला रविवार हवा होता. आमची सुट्टी गुरुवारी, त्या दिवशी इथली वीजच बंद असते. त्याची बायको क्षितिजा हिंजवडीत नोकरीला, तिची सुट्टी शनिवार-रविवार. गुरुवारी ती कंपनीच्या गाडीत आणि हा घरी एकटा कुकर लावणार. रविवारी हा बसमध्ये आणि ती एकटी. लग्नाला चार वर्षं होत आली होती. "आमचा संसार शिफ्टमध्ये चाललाय, आशाताई," तो म्हणायचा. मी चेष्टा करायचे, पण वाईट वाटायचं.

दोन हजार आठच्या ऑगस्टात त्याला हिंजवडीतच काम मिळालं. तेरा ऑक्टोबर, सोमवारी हजर व्हायचं. जुन्या मालकाचं सोडचिठ्ठीचं पत्र आणा, तरच खुर्ची, अशी त्यांची अट. आमचे विलाससाहेब तसे वाईट नाहीत, पण हातातलं काही सुटू द्यायचं म्हटलं की त्यांचा जीव जातो.

"मोरे, तुम्ही गेल्यावर हे सगळं कोण बघणार?" ते म्हणाले. "आधी तीन जुन्या मशिनी मोडीत काढा आणि सगळं काम एका नव्या सर्व्हरवर आणा. मग आठ दिवस तुम्ही हात लावायचा नाही. तुमच्याशिवाय चाललं, तर सही करतो."

तो तयार झाला. दुसरं करणार काय?

जुन्या मशिनी तीन: हजेरीची, स्टॉकची आणि माल बाहेर पाठवायच्या चलनांची. तिघींचं एकमेकींशी पटत नसे. एकीला हवी असलेली गोष्ट दुसरीला चालत नसे, म्हणून तर तीन होत्या. दिग्विजयने नव्या सर्व्हरवर लिनक्स घातलं आणि वर कंटेनरचं सॉफ्टवेअर चढवायला घेतलं. कंटेनर म्हटलं की मला गेटावरचे ट्रक आठवत, म्हणून त्याने मला समजावलं, "तुमच्या भाड्याच्या खोल्या आहेत ना, तसंच. घर एक, मीटर एक, बिऱ्हाडं तीन. प्रत्येकाला आपलं कुलूप. एकाच्या घरात भांडी पडली तरी दुसऱ्याला त्रास नाही."

"मग आमच्यापेक्षा बरंच हाय," मी म्हटलं. "आमच्याकडं पडतात त्ये सगळ्यांना ऐकू येतंय."

चार गुरुवार तो जनरेटरवर काम करत बसला. कारखाना रिकामा, पंखा बंद. या सॉफ्टवेअरला स्वतःचं वेगळं कर्नल लागतं. कर्नल म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी जागा होणारा भाग. मशीन लावली की काळ्या पडद्यावर दोन ओळी येत, वर जुनं कर्नल, खाली नवं. पाच सेकंदांत कुणी काही दाबलं नाही तर वरचं सुरू होई. नव्याची खात्री पटेपर्यंत त्याने मुद्दाम जुनंच वर ठेवलं होतं आणि तो दर वेळी खालचा बाण दाबून नवं निवडत असे. खात्री पटली की एका फाइलीत एक आकडा बदलायचा, मग नवं आपोआप सुरू होणार. खात्री पटली. आकडा बदलायचा राहिला. एकदा नीट लागल्यावर मशीन गुरुवारीही जनरेटरवर चालूच राहिली, बंद करावीच लागली नाही, मग आठवणार कशी?

एक ऑक्टोबरला आठ दिवस सुरू झाले. साहेबांनी खोलीची किल्ली माझ्याकडे दिली आणि दिग्विजयला माझ्या स्टोअरात नटबोल्ट मोजायला बसवलं. भिंतीपलीकडे पंखा घुमायचा आणि हा मोजता मोजता कान द्यायचा. सात दिवस सगळं सुरळीत चाललं. सातव्या दिवशी त्याने मला सांगितलं, येत्या रविवारी क्षितिजाला पौडला मिसळ खायला नेणार.

आठवा दिवस खंडेनवमीचा निघाला. आमच्याकडे त्या दिवशी प्रत्येक मशिनीला हळदकुंकू, झेंडूचा हार आणि नारळ. आणि चालत्या मशिनीची पूजा करायची नाही, ती आधी थांबवायची. लेथ थांबले, प्रेस थांबला. दिग्विजय खाली हार आणायला गेला होता. मी किल्लीने खोली उघडली आणि सर्व्हरचं बटण दाबलं. कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, तीही मशीनच, तिला का वगळायचं?

तो हार घेऊन दारात आला आणि त्याला पंख्याचा आवाज ऐकू आला नाही. त्याचं तोंड उतरलं. तो आकडा त्याला त्या क्षणी आठवला असणार.

पूजा झाली. साहेब प्रसाद हातात घेऊन उभे. मी बटण दाबलं. काळा पडदा, दोन ओळी.

"ताई, खालचं..." तो उंबऱ्याबाहेरून म्हणाला आणि थांबला. साहेबांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं होतं. मी बोट उचलून त्याच्याकडे बघत राहिले. पाच सेकंद गेले.

मशीन लागली, पण तिन्ही बिऱ्हाडांची दारं बंद. चलन निघेना. गेटावर तीन ट्रक भरून उभे होते, सणाला घरी जायची ड्रायव्हरांना घाई. साहेब मला ओरडले, मग फोनवर कुणाला तरी ओरडले. दिग्विजयकडे मात्र ते बघतही नव्हते आणि तो चौकटीला धरून उभा होता. अर्ध्या तासाने गेटावर ड्रायव्हर आणि वॉचमनची बाचाबाची झाली. तेव्हा तो आत आला, मशीन पुन्हा लावली आणि एकदा बाण दाबला. चार मिनिटांत चलनं निघाली.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "आठ दिवस आजपासून," ते म्हणाले.

"बटण म्या दाबलं साहेब, त्येचा काय दोष?" मी म्हटलं.

"नाही, चूक माझीच," दिग्विजय म्हणाला. "एक आकडा बदलायचा राहिला होता."

तो आकडा त्याने लगेच बदलला. पण पत्र लांबलं आणि तेरा तारीख गेली. हिंजवडीवाले आधी म्हणाले, कळवतो. मग मंदी आली आणि कळवलं, भरती बंद. त्याने पत्र मागायचं सोडलं, साहेबांनी विषय काढला नाही, आणि तो पुन्हा त्या बिनखिडकीच्या खोलीत बसू लागला. मी त्याची चेष्टा करणं बंद केलं. माझ्या हाताने त्याचा रविवार गेला, हे मला गिळता येईना.

पुढच्या वर्षी खंडेनवमी रविवारीच आली. या वेळी बटण त्याने स्वतः बंद केलं, हार घातला आणि पुन्हा लावलं. कुणी बाण दाबला नाही. तिन्ही दारं आपोआप उघडली. साहेब बघत होते.

दिवाळीनंतर त्यांनी त्याला बोलावून पत्र हातात दिलं. न मागता, सही-शिक्क्यासकट. "मशीन आपली आपण चालते, मोरे. तुम्हाला अडकवून ठेवणं बरं नाही."

इथली नोकरी सुटली, आणि तेव्हा बाहेर कुठेच काम मिळत नव्हतं. तो डबा घेऊन स्टोअरात आला आणि पत्र माझ्या टेबलावर ठेवून समोर बसला.

"आता काय करणार वं?" मी विचारलं.

"आता सगळेच वार रविवार, आशाताई," तो म्हणाला.

मग त्याने पत्राची नीट घडी केली आणि चारची बस धरायला निघाला. तो गुरुवार नव्हता. क्षितिजा सातला घरी येणार होती.