दांडा न धरता

चालत्या गाडीत दांडा न धरता उभं राहणं, ही माझी एकमेव फुशारकी. कंडक्टर होऊन बारा वर्षं झाली. कुंभार पिंपळगावच्या गाडीत बाजारच्या दिवशी पोती, कोंबड्या आणि माणसं एकमेकांवर कलंडत असतात, आणि मी एका हातात तिकिटाचं मशीन, दुसऱ्यात सुटे पैसे घेऊन मधोमध उभी. नवीन मुली विचारायच्या, कसं जमतं? मी म्हणायची, अंगातच असावं लागतं. अशी मी आगाऊ.

मग एका सकाळी अंथरुणात कूस बदलली आणि छत गरागरा फिरलं. अर्ध्या मिनिटात थांबलं. पण त्यानंतर वर फळीकडे पाहिलं की फिरायचं, पडलेलं नाणं उचलायला वाकलं की फिरायचं. सासूबाईंनी दृष्ट काढली, नवऱ्याने पित्त ठरवलं, शेजारणीने कांदा हुंगायला दिला. कांद्याने डोळ्यांत पाणी तेवढं आलं.

डेपोत सांगायची सोय नव्हती. चक्कर येणाऱ्या बाईला लाइनवर कोण पाठवेल? ऑफिसात टेबलावर बसवलं असतं, आणि टेबलावर मी वाळून गेले असते. म्हणून झाकली मूठ ठेवली. आधी गुपचूप दांडा धरायचा, मगच घंटीची दोरी ओढायची. इतक्या गर्दीत कोणाला कळणार? पंधरा दिवस असे रेटले.

शेवटी गावच्या डॉक्टरांनी धाडलं म्हणून सुट्टी पाहून जालन्यात कानाच्या डॉक्टरबाईंकडे गेले. माझा कान ठणठणीत आहे, डोकं फिरतंय, असं मी त्यांना बजावलं. त्यांनी हसून कागदावर चित्र काढलं. कानाच्या आत पाण्याने भरलेल्या नळ्या. नळीच्या बुडाशी पेशी, आणि प्रत्येक पेशीच्या माथ्यावर लहानमोठ्या केसांचा झुबका. ठेंगणा केस शेजारच्या उंच केसाला बारीक धाग्याने बांधलेला. मान वळली की आतलं पाणी मागे रेंगाळतं, केस कलतात, धागा ताणला जातो आणि केसाच्या टोकाचं इवलंसं दार उघडतं. त्यातून विजेचा भार असलेले कण आत शिरतात आणि मेंदूला खबर जाते, बाई वळली.

"म्हणजे आमची घंटीच की," मी म्हणाले. "दोरी मागे ओढायची, वाजते पुढे ड्रायव्हरच्या कानाशी."

मग बिघाड समजायला वेळ लागला नाही. कानातच दुसऱ्या जागी चुन्याचे बारीक खडे असतात. त्यातले काही सुटून माझ्या नळीत आले होते. मी हलले की ते घरंगळायचे, पाणी ढकलायचे आणि केस उगाच कलायचे. आमच्या गाडीत एखादे आजोबा आधाराला म्हणून घंटीची दोरीच पकडतात, आणि कोणी उतरणारं नसताना गाडी उभी राहते. बिलकुल तसंच.

डॉक्टरबाईंनी माझं डोकं पलंगाच्या कडेखाली सोडलं, उजवीकडे धरलं, मग डावीकडे, मग कुशीवर, मग उठवून बसवलं. मधे जग इतकं फिरलं की मी त्यांच्या मनगटावर वळ उठवले. पण खडे नळीबाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी हात मोकळे सोडून ऐटीत गाडी सोडायची डबल घंटी दिली. गाडीने असा हिसका दिला की पुढची बाई माझ्या अंगावर आली. तीर्थपुरीला चहासाठी उतरलो तेव्हा मी ड्रायव्हर मामांना विचारलं, आज कोणावर राग काढताय? मामा निवृत्तीला आलेले, दिवसभरात चार वाक्यं बोलणारे. त्यांनी आधी बशीत चहा ओतला.

"पंधरा दिस तुमची घंटी उशिरा येऊन राह्यली व्हती, मॅडम. म्हणलं, दांडा धरून राह्यल्या असतील. मंग मीबी गाडी हळू काढायचो. आज घंटी जल्दी आली."

हिसका तर बारा वर्षांचा जुनाच होता. मधे तो बंद झाला होता, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. मामांनी हे डेपोत का सांगितलं नाही, ते मी विचारलं नाही.

गाडीत चढले. आज गरज नव्हती, तरी दांडा धरला, जरा थांबले आणि मग दोरी ओढली. गाडी हळूच निघाली.