बॉनेटवर ठेवलेला हात

जुनी गाडी विकत घेताना तुम्ही कोणावर विश्वास ठेवता, गाडीवर की ती विकणाऱ्यावर? उत्तर देण्याची घाई करू नका. आधी ऐकून घ्या.

सोमाटणे फाट्याच्या अलीकडे उस्मानभाईंचे गॅरेज आहे. गॅरेजच्या मागे जुने टायर पडलेले असतात. ते तेथे कोणी मुद्दाम आणून ठेवलेले नाहीत, आणि उचलून नेण्याचेही कोणाच्या मनात येत नाही. आमच्या मंडळींचे किस्से असेच साठत गेले आहेत. दर गुरुवारी सकाळची पोथी वाचून झाली की मी तेथे जाऊन बसतो. बाकीचेही येतात. आम्हा सर्वांकडे एकाच जपानी कंपनीच्या गाड्या आहेत. कंपनीचे नाव मी घेणार नाही. तिला माझ्या शिफारशीची गरज नाही आणि मला तिच्या जाहिरातीची हौस नाही.

उस्मानभाई याच एका कंपनीच्या गाड्या दुरुस्त करतात. या गाड्या वर्षातून एकदोनदा सर्व्हिसिंगला येतात, एरवी गॅरेजचे तोंड पाहत नाहीत. एका गिऱ्हाइकाने त्यांना विचारले की, ज्या गाड्या बिघडतच नाहीत त्यांचे गॅरेज काढण्यात कसला शहाणपणा?

उस्मानभाई पाना पुसत म्हणाले, "बाकीच्या गाड्या दुरुस्तीला घेतल्या असत्या, तर पाच वेळची नमाज कधी पढलो असतो?"

*

पुण्याचे एक तरुण जोडपे लोणावळ्याला निघाले होते. त्यांची नवी कोरी गाडी, दुसऱ्याच कोणत्या कंपनीची, नेमकी उस्मानभाईंच्या दारात बंद पडली. गाडीत टीव्हीएवढा पडदा होता. गाडी बोलत असे. तिने पुढचे वळण सांगितले, हवामान सांगितले, जवळची हॉटेले सांगितली. चालू मात्र होईना.

उस्मानभाईंनी बॉनेट उघडले, थोडा वेळ पाहिले आणि पुन्हा बंद केले. कंपनीला फोन करा म्हणाले.

जोडपे गेल्यावर ते मला म्हणाले, "सगळं बोलते ती. दुखतं कुठं, तेवढंच सांगत नाही."

*

आता या जपानी कंपनीविषयी मला जे ठाऊक आहे ते सांगतो. मी शाळा शिकलो आणि तळेगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात लागलो. आम्ही या कंपनीला गाडीचे सुटे भाग पुरवत असू. आम्हाला शिकवण्यासाठी जपानहून एक प्रशिक्षक आले. त्यांनी सांगितले की मोटारी करण्याच्या आधी हे घराणे कापडाचे माग बनवत असे. मूळ पुरुषाने असा माग तयार केला की सुताचा एक धागा तुटला तरी तो आपोआप थांबे. कापड कमी निघाले तरी चालेल, सदोष निघता कामा नये, हा हेतू. पुढे मोटारींच्या कारखान्यातही तीच रीत आली. कामाच्या रांगेवरून एक दोरी जाते. ज्याला दोष दिसेल त्याने ती ओढावी. साहेबाला विचारायचे नाही. दोष मिटेपर्यंत काम थांबते.

आमच्याकडेही तशी दोरी बांधली. पहिले काही दिवस तिला हात लावण्याचे धैर्य कोणाला झाले नाही. मग एके दिवशी घोरावाडीच्या खंडूभाऊंनी तिच्यावर आपली डब्याची पिशवी अडकवली. घंटा वाजली, रांग थांबली आणि प्रशिक्षक धावत आले. त्यांनी खंडूभाऊंना कमरेत वाकून नमस्कार केला आणि दुभाष्यामार्फत विचारले की दोष कोणता सापडला?

खंडूभाऊंनी पिशवीकडे पाहिले, साहेबांकडे पाहिले आणि म्हणाले, "आज भाजी खारट हाय."

दुभाष्याने काय सांगितले ते कळले नाही. प्रशिक्षकांनी मात्र पुन्हा एकदा वाकून नमस्कार केला.

*

हा मागाचा इतिहास मी गुरुवारी गॅरेजमध्ये सांगितला. सगळे हसले, उस्मानभाई हसले नाहीत. त्यांनी त्याच दिवशी नियम केला. आपल्या मंडळींतील कोणीही गाडी विकताना तिच्या बॉनेटवर उजवा हात ठेवायचा आणि घेणाऱ्याच्या देखत तिचे सर्व दोष बोलून दाखवायचे. त्यानंतरच किल्ली द्यायची. शपथ नाही, कागद नाही.

नियम पहिल्यांदा खंडूभाऊंनाच लागू झाला. त्यांनी आपली जुनी गाडी काढायचे ठरवले होते. देहूरोडहून गिऱ्हाईक आले. खंडूभाऊंनी हात ठेवला आणि सुरुवात केली. हॉर्न पावसाळ्यात घोगरा होतो. मागची काच अर्ध्यावर अडकते. डिकीत एकदा ताक सांडले होते, त्याचा वास उन्हाळ्यात परत येतो. सासूबाई डाव्या बाजूला बसल्या की गाडी उजवीकडे ओढते. गिऱ्हाईक इतक्या प्रामाणिकपणाने भारावले आणि घेतो म्हणाले.

खंडूभाऊंनी किल्ली खिशात टाकली. "न्हाई इकायची. इतकं सोसलंय तिनं, आनि आता ह्या वयात तिला दुसऱ्याच्या दारात उभी करू?"

गाडी अजून त्यांच्याकडे आहे.

*

परंदवडीचे आबा गुलाब पिकवतात. त्यांच्या पॉलिहाऊसमधील फुले लोणावळ्याच्या हॉटेलांत आणि बंगल्यांत जातात. आबांच्या पत्नीला आम्ही सगळे मावशी म्हणतो. मावशींच्या मूत्रपिंडांनी काम सोडले, आणि त्यांना आठवड्यातून ठरलेल्या वारी तळेगावला डायलिसिससाठी न्यावे लागू लागले. वार चुकला की अंगाला सूज येई, श्वास लागे. आबा त्यांना फुलांच्या टेम्पोतून नेत. परत येताना त्या इतक्या थकलेल्या असत की धक्के सोसत नसत.

आबा गॅरेजमध्ये आले आणि एवढेच म्हणाले, "दिसायला कशी बी असू द्या. येळंला चालू झाली पायजे आनि येळंला थांबली पायजे."

आमच्या मंडळींपैकी विलासराव लोणावळ्यात बंगले भाड्याने देतात. गोड बोलणारे गृहस्थ. त्यांनी नुकतीच याच कंपनीची नवी गाडी घेतली होती आणि जुनी पांढरी विकायची होती. ती त्यांनी आबांना देऊ केली. उस्मानभाई त्या आठवड्यात मुलीच्या सासरी जुन्नरला गेले होते. ते येईपर्यंत थांबावे असे मी सुचवले. विलासराव म्हणाले की मावशींचा वार उद्याच आहे, त्यांना पुन्हा टेम्पोत का बसवायचे?

मग त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि दोष सांगितले. डाव्या दारावर ओरखडा आहे. एक टायर झिजला आहे. एसी लावला की आधी जरा कुबट वास येतो. हे सारे त्यांनी खणखणीत आवाजात, मध्ये एकदोन विनोद करत सांगितले. आबांनी किल्ली कपाळाला लावली.

लहान दोष मोठ्या आवाजात सांगणाऱ्या माणसापाशी थोडे अधिक थांबावे.

*

गाडीने आबांना कधी दगा दिला नाही. रस्त्यावर धुके असो वा झड लागलेली असो, किल्ली फिरवली की ती चालू होई. मावशी तिच्याशी बोलत. आत बसताना देवाच्या चित्रापुढे एक गुलाब ठेवत आणि उतरताना दारावर थाप देऊन येते म्हणत.

डायलिसिसच्या ठिकाणी नवी परिचारिका आली होती. तिने विचारले, "आजी, सोबत कोण आलंय?"

"मालक," मावशी म्हणाल्या. "आनि गाडी."

परिचारिका हसली. गाडी सोबतीत धरत नाहीत, असे तिने सांगितले.

मावशी म्हणाल्या, "तुमी नका धरू. मी धरते."

गाडी इतकी गुणी निघाली की उस्मानभाईंकडे आणण्याची वेळच आली नाही. सर्व्हिसिंगला अवकाश होता.

*

पुढचा प्रसंग मला मावशींनी सांगितला. आबांनी त्याला मान डोलावली आणि विलासरावांनी तो नाकारला नाही.

विलासरावांच्या एका बंगल्यावर सत्यनारायणाची पूजा होती. फुलांसाठी ते स्वतः परंदवडीला आले. फुलांच्या बादल्या नव्या गाडीत भरून त्यांनी ड्रायव्हरला पुढे पाठवले. राहिलेली फुले निवडता निवडता पॉलिहाऊसच्या कडेच्या ओल्या पाटात त्यांचा पाय घसरला आणि घोट्यापाशी मोडला. पाय बघता बघता सुजला. मावशींचा वार होता. त्या गाडीत बसलेल्याच होत्या. आबा म्हणाले की चला, दोघांनाही तळेगावला सोडतो.

विलासराव रिक्षा बोलवा म्हणाले.

आबांना नवल वाटले. "हितं रिक्षा कुटनं आणू? तुमचीच तर गाडी हाय की."

दोघा गड्यांनी उचलून त्यांना मागे, मावशींच्या शेजारी बसवले. गावातून जाताना ते गप्प होते. मावशींना वाटले, पाय ठणकत असेल. महामार्गावरच्या पुलाचा उतार लागला, समोरून ट्रक दिसला, आणि विलासरावांनी पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली.

"आबा, गाडी थांबवा."

आबांनी ब्रेक दाबला. गाडी कडेला थांबली. विलासराव मोडलेल्या पायानिशी दार उघडून उतरले आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसले. काही केल्या परत बसेनात.

मावशींनी काच खाली केली. "इलासभाऊ, काय हाय हिच्यात?"

मग विलासरावांनी सांगितले. मागच्या पावसात त्यांच्या बंगल्याच्या तळघरात पाणी शिरले, आणि ही गाडी सीटपर्यंत बुडून दोन दिवस तशीच उभी होती. वाळवली, धुतली, चालू झाली. ब्रेकच्या वायरिंगमध्ये मात्र पाणी मुरले. समोरच्या काट्यांजवळ ब्रेकचा लाल दिवा पेटे आणि काही केल्या विझेना. कोणी घेणार नाही, म्हणून त्यांनी तो दिवाच काढून टाकला.



मावशी म्हणाल्या, "मी बसत व्हते तवा न्हाई व्हय तुमाला भ्या वाटलं?"

विलासरावांनी सुजलेला पाय दोन्ही हातांनी धरला.

"चढा," मावशी म्हणाल्या. "मी बसते तितं तुमी बी बसा."

आबांनी तळेगावपर्यंत गाडी दुसऱ्या गिअरच्या वर नेली नाही.

*

पुढच्या गुरुवारी विलासराव पायाला प्लास्टर घालून, कुबड्यांवर गॅरेजमध्ये आले. कोणी बोलावले नव्हते. आबा आणि मावशी पांढरी गाडी घेऊन आधीच आले होते. उस्मानभाईंनी पांढऱ्या गाडीच्या पायातले कार्पेट उचलले. सीटच्या रुळांत वाळलेला गाळ होता. त्यांनी तो बोटावर घेतला आणि मला दाखवला.  

मागाचा धागा तुटला तर माग थांबतो. दिवा पेटणे म्हणजे तेच. यांनी थांबवणारा भागच काढून घेतला होता, आणि वर बॉनेटवर उजवा हात ठेवला होता. मी एवढेच बोललो.

खंडूभाऊंचे मत पडले की यांना मंडळीतून काढावे. विलासराव म्हणाले की नवी गाडी आबांनी घ्यावी, जुनी मी परत नेतो. नव्या गाडीची किल्ली त्यांनी टेबलावर ठेवली. आबांनी तिच्याकडे पाहिले नाही. त्यांनी मावशींकडे पाहिले.

मावशी खुर्चीत बसल्या होत्या. त्या दिवशी चेहरा जरा सुजला होता. त्या म्हणाल्या की नवी गाडी नको. या गाडीने मला कधी दगा दिला नाही, दगा दिला तो दुसऱ्याने. हिचे ब्रेक, वायरिंग, दिवा, सगळे नवे घाला, खर्च यांचा. उस्मानभाई चांगली झाली म्हणतील त्या दिवसापासून मी पुन्हा हिच्यातच बसेन.

"बरं," विलासराव म्हणाले. त्यांना हायसे वाटल्यासारखे दिसले.

"ऱ्हावा," मावशी म्हणाल्या. "पाय बरा झाला की चालवायचं तुमी. माझा प्रत्येक वार."

आबा प्रथमच हसले. उस्मानभाईंनी नव्या गाडीची किल्ली उचलून विलासरावांच्या हातात परत दिली आणि गाडी दुरुस्तीला घेतली.

*

प्लास्टर निघाले. तेव्हापासून ठरलेल्या वारी विलासराव सकाळी लोणावळ्याहून परंदवडीला जातात. आबांची पांढरी गाडी आधी गॅरेजवर नेऊन ब्रेक तपासून आणतात. नवा लाल दिवा किल्ली फिरवल्यावर पेटतो आणि विझतो. तो विझेपर्यंत ते श्वास घेत नाहीत, असे उस्मानभाई सांगतात. मग आबांच्या अंगणात मावशींच्या देखत बॉनेटवर उजवा हात ठेवून ते गाडीचे दोष बोलून दाखवतात. ओरखडा. टायर. वास. पाणी. दिवा. मावशी सगळे ऐकून घेतात आणि मग गाडीत बसतात.

एकदा आबांना बाजार होता, म्हणून मी सोबत गेलो. मावशींना आत नेण्यासाठी तीच परिचारिका आली. तिने नेहमीप्रमाणे विचारले, "आजी, आज सोबत कोण?"

"गाडी," मावशी म्हणाल्या. मग बाकावर बसलेल्या विलासरावांकडे बोट दाखवले. "आनि तिचा सांगायचा ऱ्हायलेला दोष."

परिचारिकेला काही उमगले नाही. तिने माझ्याकडे पाहिले.

विलासराव उठले आणि त्यांनी मावशींची पिशवी हातात घेतली.