रश्श्यावरचा दावा

आमच्या दादाला राग यायला एरवीही कारण लागत नाही, आणि त्या दिवशी तर कारण होतं. आमच्या सावजी भोजनालयाच्या गल्ल्यावर बसल्या बसल्या त्याने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. आमच्याकडे वर्षानुवर्षं जेवणाऱ्या एका पोराने लिहिलं होतं की रस्सा आता पहिल्यासारखा राहिला नाही, मसाला घरचा वाटत नाही, पाकिटातला वाटतो. बस, एवढंच. दोन-तीन जणांनी लाइक केलं होतं.

"कोर्टात खेचतो त्याले," दादा म्हणाला.

"जाऊ दे ना गा दादा. कोण वाचते ते?"

"तुले नाही समजत."

मला नाही समजत हे मात्र खरं होतं, आणि त्याला कारण आहे. नागपूरच्या आम्हा विणकर कोष्ट्यांत मसाला घरची सून करते, तोही दार लावून. काय किती घालायचं ते सासू सुनेला सांगते, मुलीला नाही. मुलगी लग्न होऊन गेली की तिच्यासोबत मसालाही दुसऱ्यांच्या घरी जाईल ना. वडिलांचे माग बंद पडल्यावर घर या मसाल्यावरच चाललं, पण आईने शेवटपर्यंत मला एका शब्दाने सांगितलं नाही. राग आहे मला त्याचा, खोटं कशाला बोलू. आईनंतर मसाल्याच्या खोलीत फक्त वहिनी जायची. दादानेही कधी उंबरठा ओलांडला नाही. त्यामुळे त्या पोराने आमच्या मेलेल्या आईला नावं ठेवली, असंच दादाने धरलं.

आमचा मामेभाऊ वकील आहे. त्याने नीट समजावलं. "भाऊ, आज मोजक्या लोकांनी वाचलं, उद्या विसरून जातील. नोटीस गेली की सारं नागपूर वाचीन. आणि तो म्हणाला की मी खरं तेच लिहिलं, तर मसाल्याची उलटतपासणी होईन."

"होऊ दे. आपलं काय खोटं आहे?"

नोटीस गेली. पोराने त्या नोटिशीचाच फोटो टाकला आणि खाली लिहिलं, रश्श्याची चव बदलली म्हटलं तर हे लोक कोर्टात नेतात. झालं. ज्यांनी आमच्या भोजनालयाचं नावही ऐकलं नव्हतं ते मत द्यायला लागले. कन्हानच्या एका लग्नात पंगतीत बसलेल्या माणसाने दादाला विचारलं, "भाऊ, कोणतं पाकीट वापरता गा?" सगळी पंगत हसली. त्याहून वाईट म्हणजे आमची रोजची गिऱ्हाइकं. इतकी वर्षं मान खाली घालून, घाम पुसत जेवणारी माणसं आता पहिला घास तोंडात घोळवून बघू लागली. दादा गल्ल्यावरून त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचा. मला त्याची कीव यायची आणि तितकाच संतापही यायचा.

इतकं होऊनही गडी हटला नाही. आता दावाच टाकतो म्हणाला. भोजनालयाचं नाव कोर्टाकडूनच धुऊन घ्यायचं, हे एकच त्याच्या डोक्यात. मामेभाऊ म्हणाला, मग वहिनीला घेऊन ये. मसाला ती करते, साक्ष तिचीच लागणार.

दुपारी आम्ही तिघं त्याच्याकडे गेलो. वहिनी खुर्चीच्या टोकावर बसली, पदर सावरून.

"वहिनी, कोर्टात एवढंच सांगायचं," तो म्हणाला, "की मसाला तुम्ही स्वतः घरी कुटता."

वहिनी टेबलावरच्या कागदांकडे बघत राहिली. दादा म्हणाला, "सांग ना वं. लाजून काय राहिली?"

"मी नाही कुटत," वहिनी म्हणाली. "दिवाळीपासून इतवारीच्या बाजारातून तयार आणून राहिली. माह्याच्यानं बत्ता उचलल्या जात नाही. हात खांद्याच्या वर जात नाही."

मामेभावाने पेन खाली ठेवलं. दार लावून करायची रीत आमची. आत काय चाललंय हे कोणाला कळणार होतं?

"मले काहून नाही सांगितलं?" दादाचा आवाज चढला.

वहिनीने पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ पाहिलं. "पयल्या दिवशी मी वाढून तिथंच उभी राहिली. वाटलं, एक घास घेतला की तुमी विचारसान, आज काय झालं वं म्हणून. मंग सांगीन. तुमी भात मागितला. रोज वाट पायली. त्या पोट्ट्याले समजलं. तुमाले नाही समजलं."

मामेभाऊ उगाच पंख्याकडे बघत होता.

मग दादाने हळूच विचारलं, "कोणता हात?"

वहिनी उठली आणि दाराशी जाऊन चपला घालू लागली.